टिंबाआधीचं शून्य

आमच्या धाकटीची, म्हणजे माझ्या बहिणीची, मुलगी दिवस भरायच्या फार आधी जन्मली. एक किलोचीसुद्धा नव्हती. मी तिला पहिल्यांदा बघितलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझी बोलती बंद होणं ही आमच्या घरात दुर्मीळ गोष्ट आहे. काचेच्या पेटीत माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत मावेल एवढा जीव, अंगभर वायरी, आणि नाकात नळी. श्वास इतका बारीक की तो चालू आहे की नाही हे कळायला बाळाकडे नाही, मशीनच्या पडद्याकडे बघावं लागे.

"इतक्या लवकर आलेली बाळं श्वास घ्यायचं विसरतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अगदी हाच शब्द वापरला त्यांनी. विसरतात म्हणे! आपण किल्ल्या विसरतो तसं. मग मशीन ओरडतं, सिस्टर येऊन तळपायाला टिचकी मारते आणि बाळाला आठवतं. विसरू नये म्हणून एक औषध असतं, रोज एकदा नळीतून पोटात जायचं, अगदी थोडे थेंब. ते औषध तिला जगवणार होतं आणि त्याच औषधाने ती जाता जाता राहिली.

पण हे हॉस्पिटलात सुरू झालंच नाही. ते आमच्या ऑफिसात सुरू झालं.

मी टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या खोड्या काढायचा मला पगार मिळतो, आणि घरचे म्हणतात की हे काम मी फुकटसुद्धा केलं असतं. आमचं सॉफ्टवेअर हॉस्पिटलातल्या औषधांच्या बाटल्यांवर चिकटवायची लेबलं छापतं. पेशंट कोण, औषध कुठलं, एका वेळी किती द्यायचं, लेबल कधी छापलं, एवढंच. टेस्टही साध्या होत्या. योग्य लेबलांच्या प्रती आम्ही जपून ठेवलेल्या. कुणी सॉफ्टवेअरमध्ये काही बदल केला की तीच लेबलं नव्याने काढायची आणि संगणकाने जुनं लेबल आणि नवं लेबल अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. एका स्पेसचा जरी फरक पडला तरी टेस्ट लाल. तंतोतंत जुळलं तरच हिरवी.

हे सगळ्यात जास्त कुणाला खुपत असेल तर माझ्या मेहुण्याला. तो माझ्याच टीममध्ये आहे. ऑफिसात त्याला सगळे झटपट म्हणतात, कारण इतरांचा चहा गार व्हायच्या आत त्याचं काम झालेलं असतं. ही सोयरीकही माझीच करणी. पोरगा हुशार आहे, हसरा आहे, खोटं बोलत नाही, म्हणून मीच त्याला धाकटीसमोर उभा केला होता. लग्नानंतर तो मला घरातही ताई म्हणू लागला आणि ऑफिसातही. त्यामुळे आमची भांडणं दोन्हीकडे सारख्याच दर्जाची होत.

"ताई, तुमच्या टेस्ट म्हणजे लांडगा आला रे आला," तो म्हणायचा. "लेबलावर छापल्याची वेळ असते. ती दर वेळी बदलणारच. मग रोज सकाळी सगळं लाल, आणि रोज आपण म्हणायचं, ते काही नाही, वेळ बदललीय. ज्या दिवशी खरंच काही बिघडेल त्या दिवशी कोण बघणार आहे?"

तिथे त्याचं बरोबर होतं, आणि मी तसं कबूलही केलं. वेळेपुरती टेस्ट त्याने बदलली. अमुकच वेळ हवी असं नाही, वेळेसारखं काहीतरी दिसलं की पुरे. त्याला आम्ही नमुन्यावर सोडणं म्हणायचो. पण पोराला बोट दिलं की हात धरणार. त्याला सगळंच लेबल नमुन्यावर सोडायचं होतं.

"शाळा सुटली," मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "आणि मुलाला न्यायला कुणीतरी आलं. वॉचमनने काय बघायचं? दोन हात, दोन पाय, मोठं माणूस आहे, जा घेऊन?"

"आणि तुमचा वॉचमन," तो लगेच म्हणाला, "आईने केस कापले म्हणून तिलाच गेटवर अडवून ठेवणार."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. गडी हजरजबाबी होता, नाही कशाला म्हणू?

मग एके दिवशी नवीनच उपटलं. आकडे छापणारा एक तयार भाग आम्ही बाहेरून घेतो, त्याची नवी आवृत्ती आली. ती बसवली आणि झाडून सगळ्या टेस्ट लाल झाल्या. मी सकाळभर बघत बसले. कुठे स्पेस वाढलेली, कुठे ओळ एक घर खाली सरकलेली, सगळं असंच फुटकळ. साहेबांना तर नवी आवृत्ती त्याच आठवड्यात हॉस्पिटलांकडे पाठवायची होती. मी म्हटलं, फुटकळ दिसतंय खरं, पण एकेक लेबल डोळ्यांखालून घालू, अर्धी मी बघते, अर्धी झटपटने बघायची. झटपटने कपाळाला हात लावला, पण हो म्हणाला.

त्याच दुपारी आईचा फोन आला. धाकटीला कळा सुरू झाल्या होत्या. इतक्या लवकर!

"चल," मी झटपटला म्हटलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण साहेब दारातच उभे होते. आज हे बाहेर पडायलाच हवं, दुसरं कोण करणार, असं काहीतरी म्हणत होते.

"तुम्ही पुढे व्हा, ताई. मी एवढं उरकतो आणि आलोच."

मी रिक्षात बसून त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. पण तो खरंच आला. धाकटीला ऑपरेशनला नेण्याच्या आधीच धापा टाकत येऊन पोहोचला, तिचा हात हातात घेतला आणि आत नेईपर्यंत सोडला नाही. आईने डोळ्यांना पदर लावला. "जावई असावा तर असा," म्हणाली. मला वाटलं, काम साहेबांच्या टेबलावर आपटून आला असणार. त्या क्षणी मला तो सख्ख्या भावासारखा वाटला.

पुढचे दिवस आम्ही त्या काचेच्या पेटीभोवती काढले. पोरगी चिवट निघाली. दूध नळीतून जात होतं, वजन कासवाच्या गतीने का होईना वाढत होतं. श्वास विसरायचंही कमी झालं होतं. "मशीन मावशीवर गेलंय," झटपट म्हणायचा. "विसरलं की लगेच ओरडतं, म्हणून पोरगी सुधारली."

त्या सकाळी मी डबा घेऊन गेले तर पेटीभोवती ही गर्दी. मशीन ओरडत होतं, पण नेहमीसारखं नाही. श्वास थांबला की येतो तो आवाज माझ्या ओळखीचा झाला होता. हा वेगळा होता. पडद्यावरचे हृदयाचे ठोके धावत सुटले होते, आणि बाळाचे काड्यांसारखे हातपाय सारखे झटके खात होते. तोंड रडण्यासारखं वेडंवाकडं होत होतं, आवाज येत नव्हता. धाकटीने पेटीच्या भोकातून हात आत घातला होता आणि ती नुसती "काय झालं, काय झालं" म्हणत होती. ती कुणाला विचारत होती ते तिलाही कळत नसावं.

"संसर्ग असू शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त पाठवलंय. काल संध्याकाळपर्यंत छान होती, मलाही कळत नाहीये."

झटपट बाहेर रक्ताच्या रिपोर्टसाठी लॅबच्या खिडकीशी वाद घालत होता. मला काही सुचेना. अशा वेळी माणूस हाताला लागेल ते वाचतो. पेटीशेजारच्या ट्रेमध्ये औषधाची छोटी बाटली होती. तिच्यावर आमचं लेबल होतं. मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं.

औषध किती द्यायचं ते आमच्या लेबलावर एका चौकटीत येतं. त्या चौकटीत ४ लिहिलेलं होतं. पुढे मिली. चार मिली! आणि तो चार चौकटीच्या डाव्या रेषेला अगदी घासून उभा होता. आमचं लेबल मी झोपेतही ओळखीन. रेषेला घासून आकडा आमच्याकडे कधीच येत नाही. मी बाटली उचलून खिडकीशी नेली. लेबल बाटलीच्या गोलाईवर गुंडाळलेलं, छपाई फिकट. नखाने कडा सरळ केली तेव्हा दिसलं, रेषेला चिकटून एक टिंब होतं. मुंगीच्या डोळ्याएवढं. म्हणजे .४ होतं. आधीचं शून्य नव्हतंच.

०.४ असं छापायला हवं होतं. टिंब दिसलं नाही तरी शून्य दिसतं आणि माणूस थबकतो, शून्यापुढे चार कसा म्हणून नीट बघतो. शून्य त्यासाठीच तर असतं.

"सिस्टर," मी विचारलं. "हे औषध आज किती दिलंत?"

सिस्टर मोठ्यांच्या वॉर्डातून त्या दिवसापुरती बदलीवर आलेली होती; नेहमीच्यांना आमच्या बाळाचा डोस पाठ होता. "चार मिली," ती म्हणाली. "मी एकटीने नाही दिलं हं. इथे दोघींनी मोठ्याने वाचायची पद्धत आहे. मी वाचलं चार, बरोबरच्या नव्या मुलीने वाचलं चार. जुळलं, मग दिलं."

"चार तुम्हाला जास्त वाटलं नाही?"

"दूध त्याहून जास्त जातं की हो नळीतून. का? काय झालं?"

मी बाटली डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली आणि टिंबावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, बाटली डोळ्यांजवळ नेली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला.

"दहापट," त्या म्हणाल्या.

धाकटीने मागे वळून बघितलं. तिने तो शब्द ऐकला होता. सिस्टरने तोंडावर हात दाबला आणि ती भिंतीला टेकली. मग एकदम सगळं हललं. औषध बंद, झटके थांबवायचं दुसरं औषध, मोठे डॉक्टर, फोन. याला उतारा असा काही नसतो, डॉक्टरीणबाई मला घाईघाईत म्हणाल्या. अंगातून उतरेपर्यंत सांभाळायचं, आणि एवढ्याशा अंगातून ते लवकर उतरत नाही. पण कारण कळलं, हे फार झालं. नाहीतर आम्ही भलत्याच दिशेने धावत राहिलो असतो.

झटपट तेवढ्यात आत आला. मी त्याला लेबल दाखवलं. त्याला समजायला क्षणही लागला नाही, झटपटच तो.

"शून्य गेलं?" तो ओरडला. "शून्य न छापता लेबल बाहेर पडलंच कसं? कोण गाढव आहे तो? ताई, साहेबांना फोन लावा. आत्ता लावा! माझ्या पोरीचा जीव... त्याला मी सोडणार नाही. कोण आहे मला कळलंच पाहिजे."

मी लावलाच होता. "साहेब, सगळीकडची लेबलं थांबवा," मी म्हटलं. "सगळ्या हॉस्पिटलांची. एकाहून कमी आकड्याचं शून्य छापलं जात नाहीये. प्रत्येक वॉर्डाला फोन जायला हवा, मेल नाही, फोन."

"पण टेस्ट तर सगळ्या हिरव्या आहेत," साहेब म्हणाले.

"हिरव्या असूच शकत नाहीत! एक अक्षर कमी आहे. तंतोतंत ताडून बघितलं तर पहिल्याच लेबलाला लाल व्हायला हवी."

"अगं, पण तंतोतंत कुठे आता? तुझ्या मेहुण्याने बदलल्या ना त्या. तू हॉस्पिटलात गेलीस त्याच दुपारी. सगळ्या नमुन्यावर सोडल्या आणि अर्ध्या तासात सगळं हिरवं करून निघाला. मी म्हटलं, शाबास पठ्ठ्या."

फोन माझ्या कानाशी होता आणि मी झटपटकडे बघत होते. तो पेटीच्या काचेवर तळहात टेकून उभा होता आणि अजूनही त्या गाढवाला शिव्या घालत होता.

साहेबांनी फोनाफोनी सुरू केल्याचं माझ्या कानांनी ऐकलं, मग मी झटपटला जिन्यात नेलं.

"टेस्ट तू बदलल्यास?"

"कुठल्या? हां, त्या दिवशी. हो." तो अजून घाईतच होता. "अहो, नमुन्यावर सोडल्या. पण आंधळेपणाने नाही. आकडा आहे का, पुढे मिली आहे का, आणि आकड्याची किंमत बरोबर आहे का, तेही बघितलं. किंमत मी तपासलीय, ताई! चुकीचा आकडा असता तर टेस्ट लाल झालीच असती. पॉइंट चार काय आणि झिरो पॉइंट चार काय, किंमत तर एक..."

तो तिथेच थांबला. आपण काय केलं ते त्याला उमगताना मी बघितलं. देव करो आणि पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर तसं बघायची वेळ न येवो.

तो पायरीवर बसला. म्हणाला, "मला लवकर यायचं होतं."

किती वाक्यं तयार होती माझ्याकडे! वॉचमन, शाळा, सगळी. पण गणिताने तो बरोबर होता. .४ आणि ०.४ यांत काडीचा फरक नाही, शाळेतलं पोरही सांगेल. फरक होता तो फिकट छपाईत, गोल बाटलीवर, रोजच्या वॉर्डात नसलेल्या एका दमलेल्या बाईच्या डोळ्यांत. त्याच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून द्यावी असं मला वाटलं, आणि त्याला पोटाशी धरावं असंही वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. त्याच्या शेजारी बसले.

साहेबांचा फोन आला. लेबलं थांबली होती. दोन ठिकाणी सिस्टरांच्या ते आधीच लक्षात आलं होतं आणि त्या पेनाने शून्य लिहून घेत होत्या. कळवायचं कुणाच्या मनात आलं नाही. कळलं तिथवर, दुसरीकडे कुणाला इजा झाली नव्हती. म्हणजे सगळ्या हॉस्पिटलांत, सगळ्या पेशंटांत, आमचीच.

"मी सांगतो तिला," झटपट म्हणाला. "तुम्ही नका सांगू."

धाकटी पेटीपाशीच होती. झटके थोडे कमी झाले होते, ठोके अजून धावतच होते. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. आडवळण नाही, सारवासारव नाही. खोटं बोलत नाही म्हणूनच मी त्याला निवडला होता, आणि तेव्हा मला वाटलं, आज थोडं बोलला असता तरी चाललं असतं.

धाकटीला टेस्ट म्हणजे काय, नमुना म्हणजे काय, यातलं काही कळत नाही. ती चित्रं शिकवते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"तू एक तरी लेबल बघितलंस?"

"टेस्ट बघत होत्या. त्यात मी..."

"टेस्ट नाही. तू. तुझ्या डोळ्यांनी."

"नाही," तो म्हणाला. "एकही नाही."

तिने आवाज चढवला नाही. माझ्या बहिणीचा आवाज चढला नाही याचीच मला धडकी भरली. ती पेटीकडे वळली आणि तिने पुन्हा भोकातून हात आत घातला.

दुसऱ्या दिवशी झटके थांबले. ठोके अजून जरा भरभरच पडत होते, पण डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच खुर्चीवर बसून बोलल्या. "मुलगी वाचतेय," म्हणाल्या. "पुढे काही राहिलं का ते मोठी होताना कळेल. आज ते विचारू नका." आई जी रडायला लागली ती थांबेना. झटपट दाराजवळ उभा होता. कालपासून तो घरी गेला नव्हता आणि पेटीजवळही आला नव्हता.

लेबलं आता हाताने लिहिली जात होती. आमच्या बाळापुरता डॉक्टरीणबाईंनी आणखी एक नियम केला होता, की औषध देताना सिस्टरबरोबर घरच्यांपैकी एकाने वाचायचं. दुपारी व्हिटॅमिनचे थेंब घेऊन नेहमीची सिस्टर आली. तिला आतलं काही ठाऊक नव्हतं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि बाटली सरळ झटपटसमोर धरली.

"बाळाचे बाबा ना? या, तुम्हीच वाचा. मोठ्याने वाचा हं."

तो पुढे आला. त्याने हात पुढे केला. मला वाटलं, बरं झालं. निदान एवढं तरी त्याला करू दे.

"ह्याला नको," धाकटी म्हणाली. तिने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. "ताई, तू वाच."

सिस्टर गोंधळली. तिने बाटली माझ्याकडे दिली. मी लेबल डोळ्यांजवळ धरलं आणि वाचलं, "झिरो पॉइंट तीन." सिस्टरने माझ्यामागून तेच म्हटलं. झटपटने पुढे केलेला हात अजून तसाच होता, मागे कधी घ्यायचा ते त्याला समजत नव्हतं.